उजव्या बॅकला दोन गुण

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात, आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली गणेशोत्सव मंडळाचा एक फळा आहे. पाणी किती वाजता येणार, कोणाकडे बारसं आहे, कोणाचा मुलगा दहावी पास झाला, हे सगळं त्यावर लिहिलेलं असतं. चौऱ्याऐंशीच्या जानेवारीपर्यंत त्या फळ्याचा खालचा अर्धा भाग धाकू घाडींचा होता. भारताची फुटबॉल टीम कुठेही खेळली की दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे मथळा झळकायचा : 'आपल्या टीमची तब्येत'. खाली अकरा जणांचे गुण, दहापैकी. खेळाडूंची नावं नसायची, फक्त जागा. गोलकीपर, डावा बॅक, उजवा बॅक, असं.

"नावं कशाला नाही हो लिहीत, भावोजी?" मी एकदा विचारलं होतं.

"नाव लिहिलं की लोक माणसाबद्दल भांडतात, वहिनी. आपल्याला खेळाबद्दल भांडायचंय."

धाकूभावोजी आमच्याच मजल्यावर, दोन दारं सोडून राहायचे. मूळचे कणकवलीकडचे. चौदाव्या वर्षी मुंबईत आले आणि परळच्या एका गिरणीत, साच्यांवर, म्हणजे मागांवर, लागले. गिरणीची फुटबॉल टीम होती, तिच्यात अकरा वर्षं उजव्या बॅकला खेळले. ब्याऐंशीचा संप झाला, गिरणी पुन्हा उघडली नाही आणि भावोजी इथल्या एका कारखान्याच्या गेटवर लागले. येणाऱ्याचा बिल्ला बघायचा आणि आत सोडायचं. अंगाने काटक, बोलणं कमी. साच्यांच्या खडखडाटात राहून कान थोडे मंद झालेले, म्हणून रेडिओ मोठ्याने लावायचे. त्यांच्या बायकोला, सुगंधावहिनींना, मूल नव्हतं; सगळ्या मजल्याची पोरं त्यांच्याच घरात जेवलेली असायची.

बिल्डिंगमध्ये तेव्हा दोनच टीव्ही होते आणि सगळे सामने काही टीव्हीवर लागत नसत. भावोजींची पद्धत निराळी होती. कॉमेंट्री सुरू व्हायच्या आधी गॅलरीत कॅरम मांडायचा. त्यावर बोरिक पावडर चाळणीने एकसारखी चाळायची, रांगोळीसाठी जमीन सारवावी तशी काळजीने. पांढऱ्या सोंगट्या आपल्या, काळ्या त्यांच्या, दोन स्ट्रायकर म्हणजे दोन गोलकीपर आणि लाल राणी म्हणजे बॉल. सोंगट्या नऊच नऊ, म्हणून प्रत्येक बाजूला एक गडी कमी पडायचा. तिथे सोड्याच्या बाटलीचं बूच. आपल्याकडचं बूच नेहमी उजव्या बॅकच्या जागी असायचं.

"त्यालाच का बूच?" कोणीतरी विचारायचं.

"ती जागा माझी होती. थंय कोण रागावचो नाय."

रेडिओवर जसं ऐकू येईल तशी राणी सरकवायची. हिंदी कॉमेंट्री असली की भावोजी स्वतः सरकवत. इंग्रजी सुरू झाली की अडायचं; कान मंद आणि इंग्रजी भरभर. तेव्हा ते माझ्या जयाला हाक मारत.

जया तेव्हा बारावीला होती. मार्चमध्ये परीक्षा. मी स्वतः बी.ए. झालेले, लग्नानंतर पुढे शिकायचं राहून गेलेलं, त्यामुळे जयाच्या अभ्यासाची मला जरा जास्तच धास्ती. आणि खरं सांगायचं तर धास्ती नुसत्या अभ्यासाची नव्हती. कॅरमभोवती दहा-बारा पुरुष उकिडवे बसलेले, मध्ये ही सतरा वर्षांची मुलगी, आणि "लेफ्टला गेला, लेफ्टला गेला, क्रॉस!" असं ओरडते आहे. मी दारातून तीनदा हाका मारायचे. ती तीनदा "आले गं" म्हणायची. भावोजी म्हणायचे, "वहिनी, हाफटाइमला पाठवतो." हाफटाइमला ती कधीच आली नाही.

त्या जानेवारीत कलकत्त्याला नेहरू कप होता. पोलंड, अर्जेंटिना, अशा अशा टीम आलेल्या. आपली टीम त्यांच्यापुढे काय करणार याबद्दल कोणाला भ्रम नव्हता, तरी एकदा कॅरम मांडला की आशा वाटतेच. आम्ही हरलो. सकाळी फळ्यावर तब्येत आली. गोलकीपरला सात, मधल्या फळीतल्या एकाला सहा, पुढच्या दोघांना चार-चार. उजव्या बॅकला दोन. शेजारी शेरा : 'नव्वद मिनिटांत नाव दोनदा. झोप झाली असल्यास मैदानात यावे.'

शेरा लोकांना फारच आवडला. कामावर निघालेली माणसं फळ्यापाशी थांबून हसत होती. "दोन तरी कशाला?" कोणी म्हणालं, "भोपळा द्यायचा!" उजव्या बॅकच्या खेळाबद्दल धाकू घाडी बोलतायत म्हटल्यावर शंका कोण घेणार?

शंका अंबादासने घेतली. तिसऱ्या मजल्यावरचा अंबादास कारखान्यात टूलरूमला होता, आणि बिल्डिंगच्या क्रिकेट टीमचा कॅप्टन. आदल्या वर्षी आपण क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकल्यापासून तो जमिनीपासून चार बोटं वर चालायचा. फळ्याचा अर्धा भाग क्रिकेटला मिळावा, असं त्याने मंडळाकडे दोनदा बोलून दाखवलं होतं.

"काका, तुमची टीम आजारी आहे की गेली?" तो सगळ्यांदेखत म्हणाला. "तब्येत कसली बघताय? तेराव्याचं जेवण घाला."

"वेस्ट इंडीजवाले घरी येऊन तीन-शून्य घालून गेले," भावोजी शांतपणे म्हणाले, "तेव्हा तू काय गावाक गेलेलंस?"

सगळे हसले. अंबादासचे कान लाल झाले.

"ते जाऊ दे. पण तुम्ही रेडिओ ऐकून गुण देता ना? म्हणजे लग्नाचा बँड ऐकून नवरी कशी दिसते ते सांगता!"

आता भावोजींचे कान लाल झाले. मला वाटतं, थट्टा त्यांना लागली नसती. पण त्याने गुणांवर बोट ठेवलं. गिरणी गेली, टीम गेली, गेटवर कोणी त्यांना नावानेही ओळखत नव्हतं. बिल्डिंगमध्ये मात्र दीडशे बिऱ्हाडं त्यांचं लिहिलेलं वाचून कामाला जात.

"माझ्या गुणांत एक चूक दाखव," ते म्हणाले. "एक. फळा तुझा."

"अख्खा अर्धा?"

"अख्खा अर्धा."

मंडळाचे सेक्रेटरी काशीरामभाऊ खडूचा डबा घेऊन तिथेच उभे होते. त्यांनी हात वर केला. "ऐकलंत हां सगळ्यांनी! रविवारी मीटिंग आहे. तोपर्यंत दाखवलीस तर तुझा, नाहीतर पुन्हा विषय नाही काढायचा."

पुढच्या सामन्याला गॅलरीत बसायला जागा उरली नाही. अंबादासही आला होता, हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभा, जणू पंच. कॉमेंट्री बराच वेळ इंग्रजीत होती. जया सांगत होती आणि तिच्याच बोटाने राणी सरकत होती. मी दारात उभी राहून कुकरच्या शिट्ट्या मोजत होते, आणि कान मात्र रेडिओकडे. आपली पोरं जीव तोडून खेळत होती, एवढं मलाही कळत होतं. शेवटी एका गोलाने हरलो.

"घ्या!" अंबादास म्हणाला. "पुन्हा वाट लागली." पण त्याच्या आवाजात दम नव्हता. एका गोलाने हरण्यात जी चुटपुट असते ती त्यालाही लागली होती. माणसं कुरकुरत पांगली. उरलो आम्ही तिघं.

सुगंधावहिनी कॅरम उचलायला आल्या. "सरा बाजूक. माका भाकऱ्यो थापूच्यो आसत, वाट अडवून बसलात."

"काकी, थांबा!" जया एकदम म्हणाली. तिने सोंगट्या एकेक करून उचलल्या, पण कॅरमला हात लावू दिला नाही. "काका, हे बघा."

पावडरवर राणीच्या आणि बोटांच्या रेघा उमटल्या होत्या. मधोमध नुसता गोंधळ. आपल्या डाव्या बाजूला तर पावडर पार उडून लाकूड दिसत होतं. उजव्या बाजूला मात्र, ते बूच होतं तिथे, कडेला दोन-तीन ओरखडे आणि बाकी वीतभर पावडर चाळली होती तशी. हात न लागलेली.

"इथे राणी गेलीच नाही. मागच्या सामन्यातही इथे पावडर अशीच उरली होती," जया म्हणाली.

"त्या बाजूने ते खेळलेच नाहीत."

"का नाही खेळले? त्यांचा त्या बाजूचा विंगर चांगला होता, काका. पहिल्या पाच मिनिटांत कॉमेंटेटरने तीनदा त्याचं नाव घेतलं. हे ओरखडे तेव्हाचे. नंतर त्याचं नावच नाही."

भावोजी कॅरमवर वाकले. चष्मा कपाळावर सरकवून, नाक पावडरला लागेल इतके जवळ.

"दमला असेल तो," शेवटी म्हणाले.

"पाच मिनिटांत?"

मी जयाला डोळ्यांनी खुणावलं, पुरे. मोठ्या माणसाला असं कोपऱ्यात गाठायचं नसतं. पण तेवढ्यात सुगंधावहिनी बोलल्या. त्यांना फुटबॉलचा कंटाळा होता, कॅरमचा राग होता आणि त्या घाईत होत्या.

"ओ, आमचा लगीन झाला तेव्हा मी शेजारच्या मास्तरांकडसून पेपर मागून आणी. तुमचा नाव बघूक. अकरा वर्सां खेळलात. एक दिस तरी इला पेपरात?"

"बॅकचा नाव पेपरात येता ता सेल्फ गोल केल्यावर."

"मगे तुम्ही काय मैदानात झोपलेलात?"

असं म्हणून त्या आत गेल्या. परातीत पीठ पडल्याचा आवाज आला.

भावोजी भिंतीला टेकून खाली बसले. त्यांचा चेहरा बघून मला भीती वाटली. पाणी आणू का, म्हणून विचारलंसुद्धा. त्यांनी मान हलवली. मग हळूहळू सांगितलं, ते आम्हाला दोघींना पहिल्यांदाच कळत होतं. अठ्ठ्याहत्तर साली गिरण्यांच्या स्पर्धेत त्यांची टीम फायनलला गेली. फायनलला भावोजींना बाहेर बसवलं. टीम निवडली होती गिरणीच्या क्रीडा सेक्रेटरीने. साहेबांनी एकही सामना पाहिलेला नव्हता, ते पेपर वाचून ठरवायचे. घाडी हे नाव कुठे वाचलं नाही, म्हणून घाडी नको.

"सहा वर्सां झाली, वहिनी. सहा वर्सां मी त्या माणसाला शिव्या घालतोय." त्यांनी फळ्याच्या दिशेने, म्हणजे नुसतं खाली जिन्याकडे बोट दाखवलं. "आणि तिथे उभा राहून मी तेच केलं. त्या पोराला दोन दिले. वर झोपेची मस्करी."

आता मी जे बोलले ते लिहायला लाज वाटते, पण बोलले हे खरं. मी म्हटलं, "भावोजी, तो कलकत्त्याला. इथला फळा त्याला कुठे दिसतोय? ही गोष्ट आपल्या चौघांत आहे. रविवार जाऊ द्या, मीटिंग होऊ द्या, मग सावकाश गुण बदला. आणि जया, तू काही बोलणार नाहीस."

जयाने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, आश्चर्य होतं. ते जास्त लागलं.

भावोजी उठले, बूच उचललं, सदऱ्याला पुसलं आणि डबीत ठेवलं. "आमचा गिरणीचा सेक्रेटरी पण हेच म्हणाला होता," ते म्हणाले. "फायनल होऊ दे, मग तुझं बघू."

मी जयाला घेऊन घरी आले.

सकाळी कारखान्याचा पहिला भोंगा व्हायच्या आधी मी दुधाला खाली उतरले, तेव्हा भावोजी फळ्यासमोर उभे होते. अंगावर गेटचा खाकी गणवेश, हातात खडू. अक्षर त्यांचं मुळातच वेडंवाकडं, पण त्या दिवशी एकेक अक्षर मोठं काढलं होतं.

'दुरुस्ती. मागच्या सामन्यात उजव्या बॅकला २ गुण दिले, ही माझी चूक. ८ वाचावे. कालच्या सामन्यात ९. झोपेचा शेरा मागे घेतला आहे. त्याच्या बाजूने कोणी आलं नाही, कारण तो जागा होता. धा. रा. घाडी.'

माणसं जमली. आज कोणी हसलं नाही. एकजण मोठ्याने वाचत होता, बाकीचे ऐकत होते. अंबादास जेवणाचा डबा घेऊन जिना उतरला, थांबला, वाचलं. पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता हा टाळी वाजवणार.

"काका," तो म्हणाला, "पण ही चूक मी कुठे दाखवली?"

"कोणी दाखवायची ते बोलणं झालं नव्हतं. चूक निघाली. फळा तुझा."

"मग कोणी दाखवली?"

"त्या पोरीनं." भावोजींनी माझ्या मागे उभ्या असलेल्या जयाकडे बोट केलं. ती कधी खाली आली होती मला कळलंच नव्हतं. "आमच्या जयानं. मी अकरा वर्सां त्या जागेवर उभा राहिलो, मला नाय दिसलं. तिला दिसलं."

वीस-पंचवीस पुरुष एकदम माझ्या मुलीकडे बघायला लागले. दुधाच्या बाटल्यांची जाळी हातात घट्ट धरून मी उभी होते. मी इतके दिवस याच क्षणाला घाबरत होते, सगळ्या बिल्डिंगने हिच्याकडे बघण्याला. आता ते बघत होते, आणि त्यांच्यातला एक म्हातारा टोपी सावरत म्हणाला, "शाब्बास गो बाय!"

रविवारी मंडळाच्या मीटिंगमध्ये काशीरामभाऊंनी बरीच मध्यस्थी केली. घाडी, पाव भाग ठेवा. घाडी, वर्गणीचा आकडा लिहितो ती जागा घ्या. भावोजी ऐकेनात. खडूचा त्यांचा डबा त्यांनी अंबादासच्या हातात दिला आणि म्हणाले, "एकदा बोललो ते बोललो." अंबादासने डबा घेतला. शब्द त्यानेही पाळायला हवा होता ना. पण त्या आठवड्यात क्रिकेटचं काहीच नव्हतं. सोमवारी, मंगळवारी फळ्याचा खालचा भाग कोरा राहिला, आणि कामावर जाणारी माणसं सवयीने थांबून कोऱ्या फळ्याकडे बघून पुढे गेली.

कलकत्त्याच्या पुढच्या सामन्याला अंबादास खडूचा डबा घेऊनच गॅलरीत आला. या वेळी भिंतीला टेकला नाही, कॅरमपाशी मांडी घालून बसला. आपण तोही सामना जिंकला नाही. रेडिओ बंद झाल्यावर तो म्हणाला, "हं, काका. गुण सांगा. मी लिहितो. फळा माझा आहे, त्यावर काय लिहायचं ते मी ठरवणार."

"मी नाय देणार गुण."

"मग कोण देणार? मी? मला ऑफसाइड कळत नाही, यार."

भावोजींनी पावडरवरच्या रेघांकडे बोट केलं. "सगळ्यांनी द्यायचे," ते म्हणाले. "रेघा बघून, भांडून. आणि पहिला गुण त्याचा, ज्याचं नाव सगळ्यात कमी ऐकू आलं. त्याचं काय झालं ते नीट कळल्याशिवाय पुढे जायचं नाय."

मग जे भांडण झालं ते मी दारातून ऐकलं. डाव्या हाफला चार की सहा, यावर वीस मिनिटं. जया सहावर अडून बसली. एकाने "तू काय खेळलीयेस का कधी?" असं विचारलं, तर भावोजी म्हणाले, "हे मला विचार. मी खेळलोय. तरी माझे दोन चुकले." शेवटी सहा ठरले. मी जयाला हाक मारली नाही. चहा टाकला, बारा कप, आणि बशा कमी पडल्या म्हणून सुगंधावहिनींच्या आणल्या. "माझ्या घरात आता कॅरम आणि दारात पंचायत," त्या म्हणाल्या, पण साखर त्यांनीच घातली.

सकाळी फळ्यावर अंबादासच्या छान वळणदार अक्षरात मथळा होता, तोच : 'आपल्या टीमची तब्येत'. खाली लिहिलं होतं, 'ताप उतरलेला नाही. पाय मजबूत आहेत. मोठ्या मोठ्या टीमना घाम फोडला, हे विसरू नये.' मग अकरा गुण. आणि सगळ्यात खाली, गुण देणाऱ्यांची नावं. भावोजींनीच आग्रह धरला होता म्हणे, की ज्याने गुण दिले त्याने खाली नाव द्यायचं, म्हणजे चूक कोणाची ते शोधावं लागत नाही. आठ पुरुषांची नावं. नववं, कुमारी जया.

मी बाटल्या घेऊन तिथे उभी राहिले. काशीरामभाऊ जिन्यावरून उतरत होते. माझ्याकडे बघून ते जरा घाबरलेच.

"वहिनी, नाव पुसायचंय का? सांगा, लगेच पुसतो."

"नको," मी म्हटलं. "आडनाव राहिलंय. ते लिहा."